महास्फोटापर्यंत प्रयोग पोचत नसेल, तर ते भौतिकशास्त्र कसं?

तुझा प्रश्न आधी तुझ्याच शब्दांत लिहितो: "सर, महास्फोटाच्या क्षणी समीकरणं अनंत उत्तर देतात म्हणून क्वांटम गुरुत्व, म्हणजे अणूच्या पातळीवरचे क्वांटम नियम पाळणारा गुरुत्वाचा सिद्धांत हवा, असं सगळे सांगतात. पण तिथवर कुठलाच प्रयोग पोचणार नसेल तर हे भौतिकशास्त्र कसं? आणि अशा विषयात मी आयुष्याची वर्षं घालावीत का?" होळकर कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीनं हे विचारावं याचा मला आनंद झाला. तीस वर्षं मी याच भागात काम केलं, आधी पुण्यात आणि मग इथे इंदुरात. म्हणून थोडं विस्तारानं लिहितो.

आधी सरळ उत्तर. तपासणी होते. ती समोरच्या दारानं होत नाही, आडवाटेनं होते. आणि त्या आडवाटेवर गेल्या पंचवीस वर्षांत काही फार देखण्या कल्पना कायमच्या बाद झाल्या आहेत. माझ्या लेखी हाच या विषयाचा सर्वांत मोठा पुरावा आहे, कारण कल्पना खोटी ठरू शकते म्हणूनच तिच्यावर काम करण्यात अर्थ आहे.

"महास्फोटाचा क्षण" हा शब्दप्रयोग मात्र मला खटकतो. असा काही क्षण कुणी पाहिलेला नाही, आणि तो घडला असं सिद्धांतही सांगत नाही. आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षतेची, म्हणजे त्याच्या गुरुत्वाच्या सिद्धांताची, समीकरणं घेऊन आपण मागे मागे जातो. विश्व लहान होत जातं, घनता वाढत जाते आणि एका जागी उत्तर अनंत येतं. सुरुवातीला अनेकांना वाटायचं की हा दोष गणिताच्या सोपेपणाचा आहे. आपण विश्व अगदी एकसारखं धरलं, द्रव्याच्या सगळ्या वाटा एकाच बिंदूकडे नेल्या, म्हणून त्या तिथे आदळतात. जरा वेडंवाकडं विश्व घेतलं तर वाटा एकमेकींना चुकवून जातील. ही आशा किती पोकळ आहे हे दाखवण्याची सुरुवात कलकत्त्यातल्या एका तरुण संशोधकानं केली. अमलकुमार रायचौधुरी यांचं समीकरण १९५५ साली प्रसिद्ध झालं. ते सांगतं की द्रव्याचं गुरुत्व वाटांना नेहमी एकत्र खेचतं, विश्वाचा वेडावाकडेपणाही त्या खेचण्याला मदतच करतो, आणि विरोध करते ती फक्त फिरकी, म्हणजे द्रव्याचं गरगर फिरणं. पुढे पेनरोझ आणि हॉकिंग यांनी १९६५ ते १९७० या काळात याच पायावर प्रमेयं उभी केली. निष्कर्ष असा की साधारण द्रव्य असलेल्या विश्वात सिंग्युलॅरिटी, म्हणजे समीकरणं जिथे अनंत उत्तर देतात ती जागा, टळत नाही.

याचा अर्थ "विश्व एका बिंदूतून जन्मलं" असा होत नाही. व्यापक सापेक्षतेनं स्वतःच आपली हद्द आखून दिली, एवढाच त्याचा अर्थ. आपला अंमल कुठे संपतो हे इतक्या स्वच्छपणे सांगणारे सिद्धांत फार थोडे आहेत. विद्यार्थी याला सिद्धांताचं अपयश म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं.

हद्द कुठे आहे ते आकड्यांत पाहू. गुरुत्वाचा स्थिरांक, प्रकाशाचा वेग आणि प्लांकचा स्थिरांक हे तीन एकत्र केले की एक लांबी मिळते, तिला प्लांक लांबी म्हणतात. मॅक्स प्लांकनं हे १८९९ साली दाखवलं होतं. ती लांबी १.६ मीटर भागिले १० चा ३५ वा घात एवढी आहे. ही लांबी एका खसखशीच्या दाण्याएवढी मोठी करून दाखवायची ठरवली, तर त्याच प्रमाणात एक प्रोटॉन इथून व्याधाच्या ताऱ्यापर्यंत पसरेल आणि थोडा पुढेही जाईल. काळाचं एकक निघतं ५.४ सेकंद भागिले १० चा ४४ वा घात. या हद्दीच्या आत "इथे" आणि "आत्ता" या शब्दांना अर्थ का राहत नाही, हे मात्वेई ब्रॉनस्टाइन या सोव्हिएत तरुणानं १९३६ मध्येच ओळखलं होतं. दोन वर्षांनी स्टालिनच्या राजवटीनं त्याला गोळी घातली. त्याचा मुद्दा आजच्या भाषेत असा मांडता येतो: लहान जागा पाहायची तर जास्त ऊर्जेचा कण हवा. जागा जितकी लहान तितकी ऊर्जा मोठी. पण ऊर्जेलाही गुरुत्व असतं. एका मर्यादेनंतर ती ऊर्जा इतक्या छोट्या जागेत कोंडली जाते की तिथे कृष्णविवरच तयार होतं, आणि जे पाहायचं होतं ते त्याच्या आत झाकलं जातं. जास्त ताकदीचा सूक्ष्मदर्शक आणून इथे काही उपयोग नाही. निसर्गच दार लावून घेतो.

आता "प्रयोग पोचत नाही" म्हणजे किती, तेही पाहा. आपल्या इंदुरात राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनना वर्तुळात वेगानं फिरवणारं यंत्र, आहे. त्यातल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट. जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमधली प्रोटॉनांची टक्कर त्याच्या सुमारे ५,४०० पट. आणि प्लांक ऊर्जा, म्हणजे वरच्याच तीन स्थिरांकांतून निघणारी ऊर्जा, त्या टक्करीच्याही जवळजवळ एक हजार लाख कोटी पट, म्हणजे १ वर १५ शून्यं. गंमत अशी की एकूण ऊर्जा म्हणून ती काही मोठी नाही. हिशेब केला तर सुमारे ५४३ युनिट वीज होते. तुमच्या घराचं दोन-तीन महिन्यांचं बिल तेवढंच येत असेल. अडचण ती सगळी एकाच कणाच्या अंगावर चढवण्यात आहे.

मग गुरुत्वाला क्वांटम नियम लावायला अडतं कुठे? विद्युतचुंबकत्वाला ते लावता आले, उत्तर दहा-बारा दशांश स्थळांपर्यंत जुळलं. गुरुत्वातही कमी ऊर्जेला काही बिघडत नाही, तिथे क्वांटम दुरुस्त्या मोजता येतात, फक्त त्या कमालीच्या बारीक असतात. ऊर्जा वाढवत नेली की मात्र प्रत्येक पायरीवर नवे अनंत येतात आणि ते झाकायला प्रत्येक वेळी नवा स्थिरांक लागतो. १९७४ मध्ये 'ट हूफ्ट आणि वेल्टमन यांनी द्रव्यासह गुरुत्वात ही अडचण दाखवली. १९८५ मध्ये गोरॉफ आणि सॅग्नोटी यांनी मोठी कष्टाची आकडेमोड करून दाखवलं की द्रव्य काढून टाकलं, नुसतं गुरुत्व ठेवलं, तरीही सुटका नाही. असंख्य स्थिरांक हाताने भरावे लागणारा सिद्धांत भाकीत करू शकत नाही.

यातून निघालेल्या वाटांपैकी स्ट्रिंग सिद्धांताबद्दल (कण म्हणजे कंप पावणाऱ्या अतिसूक्ष्म तारा, असं तो मानतो) इथे थोडक्यातच सांगतो, कारण तुझा प्रश्न आरंभाच्या विश्वाचा आहे. स्ट्रिंग सिद्धांताचं मोठं यश कृष्णविवरांच्या एन्ट्रॉपीच्या, म्हणजे आतल्या शक्य रचनांच्या, मोजणीत आहे, आणि त्यात अशोक सेन यांचं काम पायाभूत आहे. विश्वाच्या आरंभाबद्दल तिथून इतकं ठाम काही अजून हाती आलेलं नाही.

दुसरी वाट आपल्या घराजवळून जाते. इंदूरहून सेंधव्यावरून धुळ्याकडे निघालीस की शिरपूर लागतं. अभय अष्टेकर यांचा जन्म तिथला, १९४९ सालचा. १९८६ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांत मांडली आणि त्यातून लूप क्वांटम गुरुत्व उभं राहिलं. त्यांनी, रोव्हेली आणि स्मोलिन यांनी या कामात विणकामाचीच उपमा वापरली. ती तुला मी महेश्वरच्या मागावर नेऊन दाखवतो. महेश्वरी साडीचा पदर हातभर अंतरावरून पाहिला तर सलग पृष्ठभाग दिसतो. भिंग लावलं की ताणा-बाणा दिसतो, आणि कळतं की ज्याला आपण "क्षेत्रफळ" म्हणत होतो ती खरं तर धाग्यांची मोजणी आहे. या सिद्धांतात पोकळीचंही तसंच आहे. क्षेत्रफळ हवं तेवढं लहान करता येत नाही. प्लांक लांबीच्या वर्गाच्या काही पट एवढा एक सर्वांत लहान तुकडा असतो, त्याच्याखाली शून्यच. एक फरक मात्र लक्षात ठेव. साडीचे धागे खोलीत असतात, हे धागे कुठेच "असत" नाहीत. त्यांच्या विणीलाच आपण जागा म्हणतो. हे मनात बसायला मला स्वतःला दोन वर्षं लागली.

ही वीण आरंभाच्या विश्वाला लावली तेव्हा काय झालं? २००१ मध्ये मार्टिन बोजोवाल्ड यांनी दाखवलं की समीकरण सिंग्युलॅरिटीच्या जागी थांबत नाही, पलीकडे जातं. २००६ मध्ये अष्टेकर, पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी ते संगणकावर नीट सोडवून दाखवलं. घनता प्लांक घनतेच्या (त्याच तीन स्थिरांकांतून निघणाऱ्या घनतेच्या) सुमारे ४१ टक्क्यांवर पोचली की विणीचा ताण गुरुत्वावर मात करतो आणि आकुंचन पावणारं विश्व परत उसळतं. म्हणजे महास्फोटाच्या जागी महाउसळी, आणि "त्याआधी" या शब्दाला पुन्हा अर्थ. मला हे काम मनापासून आवडतं. तरी त्यातल्या दोन कच्च्या जागा तुला सांगायलाच हव्यात. ४१ टक्के हा आकडा सिद्धांतातल्या एका मोकळ्या स्थिरांकावर उभा आहे आणि तो स्थिरांक कृष्णविवरांच्या एन्ट्रॉपीवरून उसना घेतलेला आहे. शिवाय इथे आधी विश्व एकसारखं धरून सोपं केलं आणि मग त्याला क्वांटम नियम लावले. पूर्ण सिद्धांतातून सुरुवात करून याच उत्तराला पोचणं अजून कुणाला जमलेलं नाही.

आता आडवाट.

आकाशाच्या प्रत्येक दिशेनं एक मंद सूक्ष्मलहरींचा प्रकाश येतो. त्याचं तापमान २.७२५ केल्विन. पेन्झियास आणि विल्सन यांना तो सापडल्याचं १९६५ मध्ये जाहीर झालं. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना तो निघाला, आज विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं आहे. सगळीकडे तो जवळजवळ सारखा आहे, फरक एक लाखात एक भाग एवढाच. पण त्या फरकातच सगळी कहाणी आहे. इन्फ्लेशनच्या कल्पनेप्रमाणे अगदी आरंभी विश्व प्रचंड वेगानं फुगलं. त्या फुगण्यात क्वांटम पातळीवरची थरथर ताणली जाऊन आकाशभर पसरली. जो सूक्ष्मदर्शक आपल्याला बांधता येत नाही तो निसर्गानं एकदा वापरला आणि छायाचित्र आकाशात ठेवून दिलं.

हे नुसतं रूपक नाही हे कसं कळतं? तंबोऱ्यावरून सांगतो, तुझ्या आजीकडे आहे म्हणून. तार छेडली की मूळ स्वरासोबत ठरावीक स्वयंभू स्वर उमटतात, कारण तार दोन्ही टोकांना बांधलेली असते आणि सगळी एकाच क्षणी सुटते. आरंभीच्या तप्त वायूतही ध्वनिलहरी होत्या, त्यांचा वेग प्रकाशाच्या जवळपास ५८ टक्के. त्या सगळ्या एकाच वेळी, एकाच लयीत सुरू झाल्या असतील तर आजच्या आकाशातल्या फरकांचा कोनानुसार आलेख काढला की त्यात शिखरांची ओळ दिसायला हवी. इन्फ्लेशन हेच सांगत होतं. त्याची प्रतिस्पर्धी कल्पना होती कॉस्मिक स्ट्रिंग्जची, विश्वभर पसरलेल्या दोषरेषांची. (स्ट्रिंग सिद्धांतातल्या स्ट्रिंग्ज वेगळ्या, गल्लत करू नकोस.) त्या रेषा सतत आणि अनियमित ढवळत राहतात, त्यामुळे स्वर विस्कटतात आणि एकच पसरट उंचवटा उरतो. १९९० च्या दशकात दोन्ही बाजूंना तोलामोलाची माणसं होती. २००० साली बूमरँग आणि मॅक्सिमा या बलूनवरच्या प्रयोगांनी साधारण १ अंशाच्या कोनाजवळ पहिलं शिखर टोकदार दाखवलं, पुढे डब्ल्यूमॅप आणि प्लांक उपग्रहांनी पूर्ण ओळ दाखवली. दीर्घिकांचं बीज कॉस्मिक स्ट्रिंग्जनी पेरलं ही कल्पना तिथे संपली. विश्वाच्या पहिल्या सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात काय झालं याबद्दलची एक कल्पना बलूननं बाद केली, यावर जरा थांबून विचार कर.

तेवढंच नाही. १९८१ मध्ये मुखानोव्ह आणि चिबिसोव्ह यांनी गणित केलं की ही थरथर सगळ्या आकारांवर अगदी सारखी नसेल, मोठ्या आकारांवर किंचित जास्त असेल. अगदी सारखी असती तर ही तुलना मोजणारा आकडा १ आला असता. प्लांक उपग्रहाचं २०१८ चं उत्तर आहे ०.९६५, मापनातली अनिश्चितता ०.००४ ची. इन्फ्लेशनचं सर्वांत सोपं रूप, ज्यात विभव, म्हणजे फुगवणाऱ्या क्षेत्राची साठलेली ऊर्जा, स्प्रिंगसारखं वर्गात वाढतं आणि जे मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलं, ते आता जवळपास बाद आहे. टिकून आहे ते स्टारोबिन्स्की यांचं १९८० चं प्रारूप, आणि ते मुळात गुरुत्वातल्या क्वांटम दुरुस्त्यांच्या विचारातूनच निघालं होतं. पण त्यालाही स्वस्थता नाही. २०२५ मध्ये चिलीतल्या अटाकामा दुर्बिणीची मापनं इतर निरीक्षणांशी जोडली तेव्हा आकडा ०.९७४ च्या जवळ सरकला. तिसऱ्या दशांश स्थळाच्या भांडणात आरंभीच्या विश्वाची प्रारूपं जगतात किंवा मरतात.

सर्वांत मोठी खूण अजून सापडायची आहे. वर सांगितलेली थरथर मुख्यतः द्रव्याच्या घनतेची. गुरुत्वक्षेत्र स्वतःही क्वांटम असेल तर तेही थरथरलं असणार, आणि त्याच्या लहरींनी त्या जुन्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणात, म्हणजे त्याच्या कंपनाच्या दिशांत, एक पिळदार नक्षी उमटवली असणार. ती सापडली तर अवकाशकालाची क्वांटम थरथर डोळ्यांना दिसली असं म्हणता येईल. १७ मार्च २०१४ ला दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ गटानं ती सापडल्याचं जाहीर केलं. त्या आठवड्यात मी इथे विद्यार्थ्यांसमोर व्याख्यान दिलं, आवाज भरून आला होता. सप्टेंबरात प्लांकच्या आकड्यांनी दाखवलं की आपल्या आकाशगंगेतली धूळ तीच नक्षी उमटवू शकते, आणि जानेवारी २०१५ अखेर दोन्ही गटांच्या एकत्र विश्लेषणानं तो दावा मिटला. मी त्याच वर्गात परत गेलो, तोच फळा वापरला आणि धुळीचा हिशेब करून दाखवला. ते दुसरं व्याख्यान मला पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. मुलं दोन तास हलली नाहीत. आज मर्यादा अशी आहे की या लहरींचं घनतेच्या थरथरीशी प्रमाण ०.०३६ पेक्षा कमी. स्टारोबिन्स्कीचं प्रारूप साधारण ०.००३ सांगतं, म्हणजे अजून दहापट बारीक पाहावं लागेल.

महाउसळीची खूण? ती असली तर सर्वांत मोठ्या कोनांवर असेल. तिथे प्लांकच्या आकड्यांत अपेक्षेपेक्षा थोडी कमी थरथर दिसते खरी, आणि अष्टेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उसळीशी जोडून दाखवली आहे. पण मोठ्या कोनांचे ठिपके आकाशात मोजकेच बसतात आणि आकाश एकच आहे. दुसरं विश्व आणून सरासरी काढता येत नाही. त्यामुळे मी त्या कमतरतेला पुरावा म्हणत नाही.

प्लांक लांबीला थेट हात घालणारी एक तपासणीही झाली आहे. विणीमुळे जास्त ऊर्जेचा प्रकाश किंचित मागे-पुढे होत असेल, असं काहींनी मांडलं होतं. २००९ च्या मे महिन्यात फर्मी उपग्रहानं ७ अब्ज प्रकाशवर्षांहून दूरचा एक गॅमा किरणांचा स्फोट टिपला. त्यातला ३१ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एक फोटॉन एवढ्या प्रवासानंतर बाकीच्यांपासून एका सेकंदाच्या आतच पोचला. त्या कल्पनेचं सर्वांत सरळ रूप एका फोटॉननं बाद केलं.

इंदूरमध्येच राहायचं असेल तर हेही ऐक. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वलहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या प्रमुख संस्थांपैकी राजा रामण्णा केंद्र एक आहे. त्या वेधशाळेला इन्फ्लेशनच्या लहरी दिसतील असं मी तुला सांगणार नाही, साध्या प्रारूपांत त्या तिच्यासाठी फार क्षीण आहेत. पण कृष्णविवरांच्या टकरींत व्यापक सापेक्षता कुठे डगमगते का, हे तिथे पाहता येईल. आयआयटी इंदूरमध्ये खगोलशास्त्राचा विभाग आहे. पुण्याची आयुका, प्रयागराजची हरीशचंद्र संस्था, चेन्नईची गणित विज्ञान संस्था, बंगळुरूची रामन संस्था, या ठिकाणी या विषयाची माणसं आहेत.

आयुष्य घालावं का? सगळं एका सिद्धांतावर लावू नकोस. माझ्या पिढीतले काही हुशार लोक एकाच पंथाचे होऊन बसले आणि आकाशाचे आकडे वाचायचे विसरले. व्यापक सापेक्षता आणि क्वांटम क्षेत्र सिद्धांत दोन्ही पक्के कर, त्यांना पर्याय नाही. सोबत आकडे हाताळायला शीक. यात नोकऱ्या थोड्या आहेत, पीएचडीनंतर सहा-आठ वर्षं अस्थिर जातात, हे घरी आईवडिलांना आधीच सांग. पण आकड्यांची सवय असलेली मुलगी उपाशी राहत नाही, हे मी पाहिलं आहे.

या आठवड्यात एक काम कर. विश्वाच्या प्रारूपावरून असा आलेख काढणारा "क्लास" नावाचा संगणक कार्यक्रम फुकट मिळतो, तुझ्या लॅपटॉपवर चालेल. त्यात ०.९६५ घालून शिखरांचा आलेख काढ, मग १ घालून काढ, आणि दोन्ही प्लांक उपग्रहाच्या खुल्या आकड्यांवर ठेव. कुठला कुठे सुटतो ते पेन्सिलीनं खुणेनं दाखव. मग साध्या, अणूंच्या द्रव्याचं प्रमाण थोडं वाढव आणि दुसऱ्या शिखराचं काय होतं ते बघ, त्याचं कारण मी सांगणार नाही. रविवारी सकाळी आलेख घेऊन ये, मी घरीच आहे.